हस्तिदंती झाकणावरचं स्वस्तिक

१९६४. दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, दुपार. ठिकाण: यवतमाळ, जिनिंगच्या आवारातलं आमचं घर, पुढची खोली. हजर: मामाजी, म्हणजे कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर असलेले माझे सासरे, त्यांची विधवा बहीण, जिला सगळं घर आत्याबाई म्हणे, शनिवारी वणीहून आलेले माझे यजमान, दवाखान्याला कुलूप लावून आलेले डॉक्टर, निवृत्त पोस्टमास्तर, आणि लग्नाला, सभेला भोंगे भाड्याने देणारे लाउडस्पीकरवाले काका. मी दारात, हातात पोह्यांच्या बशा. माझी ट्रंक भरून मागच्या खोलीत.

ट्रंक कशासाठी, ते आधी सांगते. यजमान वणीच्या कोळशाच्या खाणीत कारकून होते. तिथल्या मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली होती, आणि सोमवारी सकाळी रुजू व्हायचं होतं. लग्नापासून मी यवतमाळला आणि ते वणीला, असंच चाललं होतं, कारण सासूबाई नव्हत्या आणि घर बघायला कोणी तरी हवं होतं. "दसरा होऊन जाऊ दे, मग जा," असं मामाजी स्वतः म्हणाले होते. दसरा होऊन गेला होता. वणीची शेवटची गाडी दुपारी होती; सोमवारची पहाटेची शाळा भरून गेल्यावर पोचे.

अडचण झाली होती ती पेटीची.

पेटी म्हणजे रेडिओग्राम, एकाच कपाटात रेडिओ आणि पुढे ओढायच्या खणात तबकडी वाजवायचं यंत्र. आमच्याकडे जुना एक होता, सागवानी, काळपट पॉलिशचा. रविवारी ही मंडळी त्याच्यापुढे बसत, तबकड्या ऐकत आणि ऐकण्यापेक्षा जास्त भांडत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामाजींनी नागपूरहून नवा आणला. आतलं यंत्र तेच, पण बाहेरून हस्तिदंती रंग आणि त्यावर आरशासारखी चकाकी. दुकानदाराने सांगितलं होतं की या फिनिशचे मोजकेच नग निघालेत, पुन्हा निघणार नाहीत. मामाजी घरात शिरतानाच म्हणाले, "चपला तिकडे काढा."

दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा व्हायची: विळी, शिवणयंत्र, मामाजींची सायकल, रेडिओग्राम. आत्याबाईंनी दरवर्षीप्रमाणे तेलात कुंकू कालवलं आणि झाकणाच्या मधोमध बोटाने ठसठशीत स्वस्तिक काढलं. काळपट सागवानावर ते कधी दिसतही नसे, संध्याकाळी फडक्याने पुसलं की संपलं. हस्तिदंती झाकणावरून संध्याकाळी तेल पुसलं गेलं, स्वस्तिक राहिलं. लालभडक.

मामाजी बहिणीला एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "सूनबाई, तू बघ."

मी बघितलं. पाठीमागच्या फळीवर, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे आधी एकेक उपाय करून पाहिला. साबणाने काही होईना. लिंबाने पृष्ठभाग खरखरीत झाला. घासलेटने चकाकी गेली. खोबरेलात भिजवलेला कापूस ठेवून हलक्या हाताने फिरवला, तर कापसाला लाली येऊ लागली. मग तेच धरलं. रोज सकाळी थोडं, दुपारी थोडं. आठवडाभरात लालाचं गुलाबी झालं. मामाजी चष्मा लावून झाकणावर वाकले आणि खुश होऊन म्हणाले, "तुझा हात बसला आहे याच्यावर. आता दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. आपण काम नीट करतो, याचं कौतुक कोणाला नको असतं?

तर त्या रविवारी मंडळी पहिल्यांदाच नवी पेटी पाहायला आली होती. झाकणावर आत्याबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल पसरला होता. डॉक्टरांनी मुलतानी राग लावायला सांगितला, कारण दुपारी दुसरं काही ऐकणं त्यांना पाप वाटे. थोडा वेळ सगळे डोळे मिटून बसले.

"आवाज उघडा झाला," पोस्टमास्तर म्हणाले. "जुन्यात जरा घुसमट होती."

"उलट," डॉक्टर म्हणाले. "सागवानात आवाज मुरतो. हा कच्चा वाटतो. पांढऱ्या रंगाने आवाज वर फेकला जातो."

लाउडस्पीकरवाले काका पोहे खात होते. "डाक्टरसाहेब, रंगाले का कान असते? माह्या एका भोंग्याले हिरवा रंग देला, एकाले निळा. दोघंही सारखेच कोकलते."

"भोंगे वेगळे, हे वेगळं. या फिनिशला विशेष किंमत आहे," मामाजी म्हणाले.

"फिनिश म्हणता होय? आमच्या धंद्यात फिनिश म्हणजे खेळ खलास."

सगळे हसले. यजमानही हसले. मी त्यांच्याकडे पाहून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना कळलं होतं.

मग डॉक्टर म्हणाले, "तो रुमाल काढा हो. कापडाने आवाज दबतो."

"राहू द्या, धूळ बसते," मामाजी म्हणाले.

"पाच मिनिटांत किती धूळ बसणार?" डॉक्टर म्हणाले, आणि पोस्टमास्तरांनी रुमाल उचललाच.

गुलाबी स्वस्तिक सगळ्यांसमोर आलं. त्याचे दोन हात जवळजवळ गेलेले, दोन चांगले ठळक. तबकडीवरची तान तेवढी चालू होती.

"मीच काढलं ना ते," आत्याबाई आतल्या दारातून म्हणाल्या. "मी तं दरसाली काढतो बाप्पा. जुन्या पेटीनं कधी तक्रार नाई केली."

काकांना ठसका लागला. पोस्टमास्तर गंभीरपणे म्हणाले, "मोजक्या नगांतला एक होता, आता एकुलता एक झाला. जपून ठेवा. असा नागपुरातही कोणाकडे नसेल."

"मले तं आवाज आत्ता बरा वाटून राह्यला," काका म्हणाले. "लक्ष्मीचं पाऊल पडलं पेटीवर."

मामाजींना यातलं काहीच हसण्यासारखं वाटलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला. "सूनबाई डाग काढते आहे," ते म्हणाले. "निम्मा काढला. नागपूरहून पॉलिशची बाटली येते आहे. डाग जाईपर्यंत ती इथेच आहे."

"पण सूनबाई उद्या वणीला रुजू होणार होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं. ते त्यांना आम्हीच सांगितलं होतं.

"डाग निघाला की जाईल. शाळा कुठे पळून जाते?"

चार जणांसमोर ते बोलून गेले, आणि चार जणांसमोर बोललेला शब्द मामाजी मागे घेत नसत. हे मला माहीत होतं, यजमानांना त्याहून जास्त. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पायाच्या अंगठ्याने सतरंजीची किनार दुमडत होते. आता बोलतील, असं मला वाटलं. एवढं वाक्य पुरे होतं: बाबा, आमची गाडी आहे.

"ही बाजू संपू द्या," ते हळूच म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

मी बशा गोळा केल्या. आत जाऊन ट्रंकेवरची वळकटी पुन्हा घट्ट बांधली, पाण्याचा तांब्या भरला, शेव-लाडूंचा डबा पिशवीत टाकला. बाहेर बाजू संपली. सुई खरखरत फिरू लागली. मी पिशवी हातात घेऊन दारापर्यंत आले.

यजमान उठले. पेटीपाशी गेले. रुमाल घडी करून बाजूला ठेवला होता, तो हाताला लागू नये म्हणून सरकवला. तबकडी दोन तळव्यांत धरून अलगद उलटी केली आणि दुसरी बाजू लावली. मग परत आपल्या जागी जाऊन बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पिशवी खाली ठेवली आणि चहाचं आधण टाकलं. माणसं होती, चहा लागणारच होता.

आत्याबाई चुलीपाशी येऊन बसल्या.

"गेली का वं गाडी?"

"गेली असेल."

"मले मालूम असतं तं कुंकू पाण्यातच कालवलं असतं पोरी."

त्या खरंच रडत होत्या. मी त्यांना आधी चहा दिला, मग बाहेर नेला.

यजमान सोमवारी पहाटेच्या गाडीने एकटेच गेले. बाटली दिवाळीनंतर आली. तिने उरलेल्या दोन हातांतला एक गेला आणि दुसऱ्याभोवती धुरकट गोल पडला. मामाजी म्हणाले, सावकाश होऊ दे. मी सावकाश केलं. तोवर वणीच्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या होत्या. मी वणीला गेले ती मामाजी निवृत्त झाल्यावर, त्यांच्यासकट, आत्याबाईंसकट आणि पेटीसकट. ट्रकमध्ये पेटी मधोमध, भोवती गाद्या, कडेला मी. त्या दोन खोल्यांत पेटी ठेवल्यावर दार निम्मंच उघडे. पुढे शाळेत जागा निघाल्या, पण तोवर विचारायला जाण्याइतका वेळ माझ्या दिवसात उरला नव्हता.

पेटी अजून आहे. बिघडून बरीच वर्षं झाली. तिच्यावर मी घड्या केलेले कपडे ठेवते. हस्तिदंती रंग पिवळा पडला, तसा तो गुलाबी हातही आता शोधावा लागतो. आलेल्या पाहुण्यांना पोस्टमास्तरांचा विनोद यजमान अजून सांगतात, आणि पाहुणे हसतात. तबकडी उलटल्याचं त्यांना आठवतं की नाही, मी विचारलेलं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं एक कार्ड आलं होतं. आपण रुजू झाला नाहीत, कारण कळवावे, एवढंच. मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. "घरगुती अडचणीमुळे" असं लिहिलं आणि खोडलं. "पेटीवरील डागामुळे" लिहिलं, तेही खोडलं. तिसऱ्या वेळी यजमानांचं नाव लिहून थांबले. पत्राला उलट टपाली उत्तर द्यायची माझी पद्धत आहे, आणि आजवर एवढं एकच राहिलं. कार्ड अजून माझ्याकडे आहे. त्या बाई निवृत्त होऊन नातवंडांकडे राहायला गेल्या, तिथला पत्ताही मी मिळवून ठेवला आहे. उत्तर लिहायचं आहे.