एकोणीस गाठी

चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात एक पठार आहे. त्याला नकाशात नाव नाही. मी तिथं कधी गेलो नाही. पण एकदा तिथं जायचा बेत मी आखला होता, आणि त्या बेतापायी एक म्हातारा उन्हात बसून मेला. त्या बेतावरून मी दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या गोष्टी खोट्या सांगितल्या. भुसावळात एक, चोपड्यात दुसरी. भुसावळातली कोणाला फारशी आठवतही नसेल. चोपड्यातली मात्र डोंगरात वर गेली आणि तिथं नऊ वर्षं राहिली.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी सरकारी कचेरीत कारकून. दोन वर्षं चोपड्याला काढून नुकताच जळगावला बदलून आलो होतो. चोपड्यात एका किराणा दुकानदाराशी माझी बैठक जमली होती. बाजाराच्या दिवशी, म्हणजे रविवारी, डोंगरातले लोक त्याच्याकडे चारोळी, डिंक, मध घेऊन येत आणि मीठ-तेल घेऊन जात. त्यांच्यात एक म्हातारा होता, पासष्टीचा तरी असेल. माल मापून झाला की तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसे आणि कोणी ऐको न ऐको, बोलत राही. मी त्याला आबा म्हणे, तो मला भाऊ.

पठाराचं त्यानंच सांगितलं. वर मोठा झरा आहे, आंब्याची जुनी झाडं आहेत, वाट फक्त जुन्या माणसांना माहीत आहे. "वर थंडा पानी शे, भाऊ," तो म्हणाला. "वैशाखमां बी घोंगडी लागस."

जळगावच्या वैशाखात ज्यानं दुपारी ओला पंचा अंगावर टाकून दिवस काढलेत, त्याला हे वाक्य कसं लागतं ते मी काय सांगू. बदली झाल्यावरही ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. कचेरीत आम्ही चौघे दरवर्षी कुठं ना कुठं जायचं म्हणायचो आणि घरीच बसायचो. या खेपेला मी पुढाकार घेतला. एका जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर नकाशा काढला. जळगावहून एस.टी.नं चोपडा, तिथून बैलगाडीनं पायथ्याचा नाला, पुढे पायी. शिधा किती, कंदील किती, कोणी काय आणायचं, सगळं लिहून काढलं. मला प्रवासापेक्षा बेत आखायचाच सोस होता, हे बायको आजही म्हणते.

मग एका रविवारी मी मुद्दाम चोपड्याला गेलो आणि आबाला सांगितलं, पुढच्या पंधरवड्यातल्या शुक्रवारी आम्ही येतो, तुम्ही नाल्यावर भेटा. मी कागदावर तारीख लिहून त्याच्यापुढे धरली. तो हसला. कागद मला परत देत म्हणाला, "हाऊ मना काय कामना? दोरी द्या."

दुकानदारानं सुतळीचा तुकडा कापून दिला. त्यांच्या पाड्यात लग्नाचं, पंचायतीचं, सगळ्याचं बोलावणं असं जाई. जितके दिवस तितक्या गाठी. रोज सकाळी एक सोडायची. पाड्यातल्या या दोऱ्या आबाच बांधत असे. त्याच्या घराकडे ते काम बापजाद्यांपासून होतं, आणि त्याच्या हातची दोरी आली की कोणी पुन्हा विचारायला येत नसे. पण मला त्यानं स्वतः गाठी बांधायला लावल्या, कारण बोलावणं माझं होतं. मी एकोणीस बांधल्या. त्यानं त्या बोटांनी चाचपून मोजल्या आणि एक गोष्ट नीट समजावली. अठरा गाठी तो सोडणार. एकोणिसावी त्यानं सोडायची नाही. ज्यानं बांधली त्यानं येऊन सोडायची. ती सुटेपर्यंत वाट बघणाऱ्यानं जागा सोडायची नसते.

"शेवटली गाठ मी सोडाव नही," तो म्हणाला. "ती तुम्हीच सोडश्यात."

मी हो म्हणालो. मला ते फार गमतीचं वाटलं होतं.

सोमवारी कचेरीत मी ही गंमत रंगवून सांगितली. चार दिवस तिच्यावर विनोद चालले. कोणी रजेचा अर्ज केला की, किती गाठींची हवी, असं विचारत. हसवणारा मी होतो, तेव्हा मला ते बरंच वाटत होतं. मग हळूहळू हसणं माझ्या बेतावर यायला लागलं. आमचे हेडक्लार्क, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, एक दिवस पानाचा विडा लावता लावता म्हणाले, "अरे, तुझ्या त्या डोंगराला नाव तरी आहे का? बायकोनं विचारलं कुठं चाललात, तर काय सांगू? गाठ सुटेल तिथं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात खट्टू झालो. आणि त्याच आठवड्यात नानांच्या भाच्यानं, तो भुसावळला रेल्वेत होता, पचमढीला उतरायची सोय करून दिली. पचमढीला नाव होतं. तिथं साहेब लोक जात. नानांनी मला विचारलं, तेव्हा मी एकदाही नाही म्हटलं नाही. म्हटलं, ठीक आहे, तिकडेच जाऊ. जणू मला फरक पडत नव्हता.

हे ठरलं तोही शुक्रवारच होता. आबाला दिलेल्या शुक्रवारला अजून आठवडा होता. दोन दिवसांनी चोपड्याचा बाजार होता. मी सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत होतो. तेही नको, तर एस.टी.च्या कंडक्टरजवळ दुकानदाराला चिठ्ठी देता आली असती. अशा चिठ्ठ्या आम्ही नेहमीच देत असू. मी दिली नाही. विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. विसरलो नव्हतो. रविवारी दिवसभर मी घरी होतो आणि दिवसभर मला ते आठवत होतं. दुकानदारापुढे मी बढाया मारल्या होत्या, कचेरीतले मोठे लोक येणार म्हणून. आता त्याला बेत मोडला म्हणून कळवायची मला लाज वाटत होती. आणि दुसरं, जे लिहायला जास्त जड जातं: मला वाटलं, डोंगरातला माणूस, सुतळीचा तुकडा, चार दिवसांत हरवून टाकेल. तो कसला येतो. त्यानं कागद घेतला असता, तर मी कळवलं असतं असं मला वाटतं. कागदाला मी भीत होतो.

गुरुवारी भुसावळच्या फलाटावर नानांनी विचारलं, "काय रे, त्या म्हाताऱ्याला कळवलंस ना?"

"कळवलं," मी म्हणालो.

ही पहिली.

पचमढीला आम्ही आठ दिवस होतो. तिथं मला आबाची आठवण झाली का? एकदाही झाली नाही. पुढे मला सर्वांत जास्त छळलं असेल तर याच गोष्टीनं. ज्या सकाळी तो नाल्यावर येऊन बसला, त्या सकाळी मी शाल पांघरून चहा पीत होतो आणि हवेची तारीफ करत होतो.

परत आल्यावर दुसऱ्या रविवारी मी चोपड्याला गेलो. दुकानात गर्दी होती. मला बघताच दुकानदारानं तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही त्या आबाला बोलावलं होतं ना?"

त्यानं सांगितलं ते असं. म्हातारा शुक्रवारी सकाळी नाल्यावर आला. नाला कोरडा. बरोबर भोपळ्यात आणलेलं पाणी तेवढं. वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं त्याला शनिवारी बसलेला पाहिला, वर चल म्हणाली, तर तो म्हणाला, पाहुणे येणार आहेत. ज्या झाडाखाली तो बसला होता, त्याला एक पान नव्हतं. रविवारी पहाटे मोळ्या घेऊन बाजाराला उतरणाऱ्या लोकांना तो आडवा पडलेला दिसला. जीव होता. खाटेवर घालून वर नेताना वाटेत गेला. तोंड रस्त्याकडे होतं, असं दुकानदार म्हणाला. हे त्यानं का सांगितलं कोण जाणे. हातात सुतळी होती, आणि तिला एक गाठ.

हे तो सांगत असताना माझ्या शेजारी एक तिशीचा माणूस डिंकाचं गाठोडं धरून उभा होता. दुकानदारानं त्याच्याकडे मान करून म्हटलं, हा त्याचा मुलगा.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. त्यानं विचारलं असतं, ओरडला असता, तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं, असंही मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

मी म्हणालो, "आम्ही आलो होतो. बुधवारी, ठरल्या दिवशी. दुपारपर्यंत थांबलो. आबा तिथं नव्हते. त्यांची मोजणी चुकली असणार."

ही दुसरी. इतकी सहज निघाली, जणू तयार करून आणली होती. आधीच्या गाठी सुटलेल्या, सुतळी सरळ. मुळात किती होत्या ते आता फक्त मला माहीत होतं; दुसऱ्या ज्याला माहीत होतं तो उरला नव्हता. दुकानदाराला त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गडबडीत ना वार कळला होता ना आकडा.

"मना बापनी मोजनी कधी चुकनी नही," मुलगा म्हणाला. मोठ्यानं नाही.

"वय झालं होतं बाबा," दुकानदार म्हणाला आणि त्यानं तराजू उचलला.

पुढे मी चोपड्याला जाणं सोडलं. त्या वैशाखानंतर मी कोणालाही माझी वाट बघू देऊ शकत नाही. गाडीच्या आधी तास-तास स्टेशनावर जाऊन बसतो. कोणी म्हणालं संध्याकाळी येतो, तर दुपारपासून दारात. बायकोला वाटतं हा शिस्तीचा माणूस आहे. चारचौघांत ती कौतुकानं सांगते. उन्हाळ्यात असोद्याच्या रस्त्यावर, धुळ्याच्या रस्त्यावर, कुठंही झाडाखाली एकटा माणूस रस्त्याकडे तोंड करून बसलेला दिसला की मी एस.टी.त मान फिरवतो. दर वेळी मान फिरवल्यावर वाटतं, तो उठून उभा राहिला.

गेल्या हिवाळ्यात तो दुकानदार कापसाच्या कामानं जळगावला आला आणि घरी जेवायला थांबला. बोलता बोलता हसत म्हणाला, त्या आबाच्या घराचं काम गेलं बरं का. पाड्यातली लग्नाची दोरी आता दुसऱ्या घरी बांधतात. लोक म्हणतात, ज्याच्या बापाला शेवटी मोजता आलं नाही, त्याच्या हातची दोरी कशी घ्यायची. मुलानं एका लग्नाची बांधून दिली होती. वराच्या बापानं ती परत पाठवली.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. नऊ वर्षं मी समजत होतो, मी त्याचा जीव घेतला. त्यानंतरही मी त्याचं काही घेत राहिलो होतो, हे मला माहीत नव्हतं.

मी बायकोला सांगायला तीन महिने लावले. तिनं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "मला सांगून काय? मला सांगणं सोपंय."

म्हणून या चैत्रात मी चोपड्याला गेलो. मुलगा दुकानात सापडला. त्याला बाहेर नेऊन, भिंतीच्या सावलीत, मी सगळं सांगितलं. पचमढीही सांगितलं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मले सांगी काय फायदा?" तो म्हणाला. "पुढला बाजारले या. बठ्ठासमोर सांगा." सगळ्यांसमोर.

पुढच्या रविवारी मी पहिल्या गाडीनं गेलो. बाजाराच्या टोकाला चिंचेखाली पाड्यातले सात-आठ जण येऊन बसले होते. मी दुकानाच्या ओट्यावरून त्यांना बघत राहिलो. पाऊण तास मी तिथंच होतो. ते मला बघत नव्हते, पण माझीच वाट बघत होते. दुकानदार म्हणाला, भाऊ, चहा घेता का? मी घेतला, कप खाली ठेवला आणि गेलो.

उभ्यानंच सांगितलं. फार वेळ लागला नाही. जी गोष्ट मी नऊ वर्षं उचलत होतो, ती सांगायला विडी ओढून होण्याइतकाही वेळ लागला नाही. एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं, "कितल्या गाठी व्हत्यात?"

"एकोणीस. रविवारी बांधल्या."

तो बोटांच्या पेरांवर मोजू लागला. बाकीचे त्याच्या बोटांकडे बघत होते. शुक्रवारपाशी तो थांबला, आबाच्या मुलाकडे पाहिलं, मग बाजारातली बोली सोडून त्यांच्या डोंगरातल्या भाषेत काही बोलला. दुसरा त्याच्यावर बोलला. मग सगळेच बोलायला लागले. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कोणाचा आवाज चढत होता, कोणी मान हलवत होतं, ती होकाराची की नकाराची ते सांगता येत नव्हतं. माझ्याकडे कोणी बघेना. मी ऊन डोक्यावर घेऊन उभा होतो. बस म्हणून कोणी म्हणालं नाही, जा म्हणूनही नाही.

शेवटी मुलगा उठून माझ्याजवळ आला. मी विचारलं, काय म्हणतात? आबाचं नाव, ते काम, परत तुमच्याकडे येईल का?

त्यानं मागं वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते अजून बोलतच होते.

"ते आमनं शे," तो म्हणाला. "तुमनं सांगी झायं. तुम्ही जा आते."