कॅशलेस मांडवात कमळू पुकाऱ्या

मुरबाडच्या एसटी स्टँडबाहेर जिथं कल्याणच्या जीपा लागतात, तिथं गेली तीस वर्षं कमळूचा आवाज चालतो. कमळू स्वतः बुटका, किडकिडीत, वाऱ्यानं उडेल असा. पण "कल्याण, कल्याण, कल्याण! या मावशी, एकच शीट राहिली, पुढं बसा!" असं तो ओरडला, की समोरच्या हॉटेलात भजी खाणारा माणूस भजी हातात घेऊन धावत सुटायचा. त्याला कल्याणला जायचं नसलं तरी! जीप भरली की ड्रायव्हर कमळूच्या हातावर दहा रुपये टेकवणार. हा झाला पोटाचा धंदा.

मानाचा धंदा वेगळा. मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांवर लग्न निघालं की आहेर पुकारायला कमळूच लागायचा. इकडं आहेर नुसता हातात कोंबून भागत नाही. मांडवात टेबल मांडतात, पाहुणा येऊन नोट देतो, आणि ती कुणी दिली, किती दिली, हे माईकवरून अख्ख्या मांडवाला ऐकवतात. कमळू हे काम एका नारळावर आणि एका टोपीवर करायचा. पण करायचा असा, की पाहुण्याला वाटावं आपण आमदारकी जिंकली.

"धसईचे नवसूबाबा यांजकडून, नवरीला, रुपये पाऽऽच..." आणि मग तो थांबायचा. बेंजोवाले हातातल्या काड्या वर धरून थांबायचे. वाढपी डाळीचं पातेलं धरून थांबायचे. "...शे एक!" मग कुठं मांडव श्वास सोडायचा. नवसूबाबा मिशीवर हात फिरवत जागेवर जायचे आणि पुढचे चार दिवस मिशीवरून हात काढायचे नाहीत.

अशा माणसाच्या हातातला माईक त्याच्या सख्ख्या भाचीनंच काढून घेतला.

रविना ही कमळूच्या धाकट्या बहिणीची, रखमीची पोरगी. बारावी पास, आसनगावजवळ एका गोदामात पार्सलं स्कॅन करायच्या कामाला. तिथंच फोर्कलिफ्ट चालवणारा भगीरथ तिला आवडला. मुलगा शहापूरकडचा, साधा. दोन्ही घरं राजी झाली. लग्नाला आठवडा उरला तेव्हा कमळू रखमीच्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "माईक कोनाचा सांगितलाय? मागच्यासारखा फाटक्या आवाजाचा नको."

रखमी चुलीकडं बघायला लागली. रविनानं आतून एक पुठ्ठा आणून मामाच्या पुढ्यात ठेवला. त्याच्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला.

"मामा, या लग्नात रोख आहेर नाय. ज्याला द्यायचा त्यानं याच्यावर मोबाईल धरायचा."

"का? नोटांना वास मारतो?"

"मोठ्या काकांच्या पोरीच्या लग्नात आहेराची पिशवी गेली. कुठं गेली? आजून पत्ता हाय? मांडववाल्याचे पैसे द्यायला काकांनी रेडा विकला."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कमळू जोरात बोलला. "बरं, गेली पिशवी! मंग मी काय पुकारू? पुठ्ठा?"

"तू नाय पुकारायचं. माझी मैत्रीण दिपाली मोबाईलात बघून नावं वाचेल. नुसती नावं. रक्कम नाय."

"रक्कम नाय?" कमळू उभाच राहिला. "रकमेशिवाय आहेर म्हंजे काय गो? उद्या म्हनशील नवऱ्याशिवाय लगीन!"

"मामा, चिमीआत्यानं त्या लग्नात एकवीस रुपये दिले. तिच्या आधी कोन होता? पाच हजारवाला कंत्राटदार. त्याच्यामागं तू तिचं एकवीस पुकारलंस. आत्या जेवली नाय. तशीच घरी गेली."

कमळूला हे ठाऊक नव्हतं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. पण माणूस मोठा ताठ. उतरलेला चेहरा दाखवायचा कुणाला? "मी काय मनचं सांगितलं? दिलं ते बोललो! आता बोलनारच नाय. मामा म्हनून येईन, तुझ्या पाठीशी उभा राहीन. पन त्या मांडवात मी तोंड उघडनार नाय. शपथ!"

"जेवशील कसा मंग?" रविनानं विचारलं.

पडवीत सगळे हसले, रखमीसुद्धा. कमळू चपला उलट्या घालून निघून गेला.

पेपरात आणि टीव्हीवर शिकलेली माणसं तावातावानं भांडतात, रोख बरी की मोबाईल बरा. भांडोत बापडी! एसी लावून भांडायला काय जातंय? पण आमच्या भागात पैसा एकटा फिरत नाही. नोट पुढं आली की तिच्यामागं मावशी असते, मावशीचा गाव असतो, गावातलं भांडण असतं. हे त्या भांडणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही. कमळूनं मात्र दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगून टाकलं. टपरीवाल्या संदेशनं बोलणारा डबा ठेवला होता. कुणी मोबाईलवरून पैसे दिले की डबा बोलायचा, "दहा रुपये मिळाले."

"कोनी दिले?" कमळूनं डब्यालाच विचारलं. डबा गप्प. "बघा! रक्कम सांगतो, मानूस सांगत नाय. असला पुकाऱ्या असतो का?"

"पन काका, तो टोपी नाय मागत," जीपवाला साईनाथ म्हणाला. साईनाथ पंचविशीचा, अजून लग्नाचा, गाडीच्या काचेवर स्वतःचंच नाव मोठ्या अक्षरात लिहिलेला. "आनि मला बरं पडतं. सुट्ट्या पैशावरनं रोजची मारामारी वाचली."

"तू गाडी चालव," कमळू म्हणाला.

लग्नाच्या दिवशी डोंगराकडच्या वाड्यांवरचे पाहुणे आणायला साईनाथचीच जीप सांगितली होती. कमळू त्याच गाडीत मागं लटकून आला, तोंड मिटून. गाडीत अकरा म्हातारी माणसं, त्यांत धसईचे नवसूबाबाही. एकाकडंही मोबाईल नाही. रोख चालणार नाही असं ऐकल्यावर त्यांची पंचाईत झाली. आहेर न देता जेवायचं कसं? शेवटी सगळ्यांनी आपापल्या नोटा साईनाथच्या हातात दिल्या. "तू मार बाबा तुझ्या मोबाईलवरनं. पन येगयेगळा मार हां, मिसळू नको!" साईनाथ गुणी पोरगा. मांडवाच्या तोंडाशी उभा राहून त्यानं अकरा वेळा पुठ्ठ्यावर मोबाईल धरला, अकरा वेळा पैसे मारले, आणि निवांत पहिल्या पंगतीची जागा धरून बसला. कमळूनं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. बोलला नाही. शपथ होती ना!

अक्षता पडल्या. कमळू मामा म्हणून भाचीच्या पाठीशी उभा राहिला आणि मग आंब्याखाली खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसला. दिपालीनं माईक हातात घेतला. पोरगी हुशार, आवाज गोड, पण मुरबाडच्या बाजारात तो दोन दुकानांपलीकडं गेला नसता.

"आहेर दिल्याबद्दल आभार... बाबा चिकन सेंटर."

मांडवात एक हसला.

"ते माझं हाय!" मागून एकजण ओरडला. "दुकानाच्या खात्यातनं दिलं, माझं नाव घ्या की!"

दिपालीचा गोंधळ उडाला. तिनं घाईनं पुढचं नाव वाचलं. "श्री. पंढरी..."

पंढरी म्हणजे चिमीआत्याचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. पोरानं बापाचं खातं तसंच चालू ठेवलं होतं, बँकेत नाव बदलायचं राहून गेलं होतं. सगळ्यांच्या माना चिमीआत्याकडं वळल्या. म्हातारीनं पदर सावरला.

"जिता होता तवा कोनाच्या लग्नात रुपया सोडला नाय," ती म्हणाली. "आता वर जाऊन हात सैल झाला मुडद्याचा!"

असा हशा उठला की बेंजोवाल्यांनी आपणहून एक ठेका वाजवला. आंब्याखाली कमळूच्या खांद्यांना गदागदा झटके बसत होते, पण ओठ घट्ट.

मग दिपालीनं वाचलं, "साईनाथ जयराम."

ठीक.

"साईनाथ जयराम." ती थांबली, मोबाईल जवळ घेऊन बघितला. "परत... साईनाथ जयराम. आनि... साईनाथ जयराम."

पाचव्यांदा नाव आलं तसं नवऱ्याकडच्या बायकांत कुजबूज सुरू झाली. सातव्यांदा भगीरथची आई उठून उभी राहिली. "हा साईनाथ कोन गो?" तिनं रखमीला विचारलं. "एवढा कुनाचा जीव तुटतोय आमच्या सुनेवर?"

"जीपवाला हाय," कुणीतरी माहिती पुरवली. "बिनलग्नाचा."

झालं! एकाचे चार झाले. भगीरथच्या मावशीनं तर पोरगी रोज कुणाच्या जीपनं कामाला जायची ते विचारलं. खरं तर रविना एसटीनं जायची, पण ऐकतो कोण? भगीरथ मुंडावळ्या सरकवून इकडंतिकडं बघायला लागला. आणि साईनाथ? पंगतीत तिसरी जिलेबी तोंडात घालताना आपलं नाव पुन्हा पुन्हा ऐकून भलताच खूश झाला होता. त्यानं हात वर केला आणि हलवला!

आता कमळूची मजा बघा. पहिली चार नावं होईपर्यंत त्याला गुदगुल्या झाल्या. घ्या, करा कॅशलेस! सहाव्याला त्यानं मांडी बदलली. पण मावशीचं ते जीपचं बोलणं कानावर पडलं आणि त्यानं भाचीकडं बघितलं. रविना रडत नव्हती. ती सरळ त्याच्याकडं बघत होती. मामाला काहीतरी माहीत आहे, आणि मामा मुद्दाम गप्प बसलाय, हे तिला कळलं होतं. खुर्ची उलटी पाडून तो उठला.

"आन इकडं ते!" त्यानं दिपालीच्या हातातून माईक घेतला. खरं तर त्याला माईकची गरज नव्हती. "थांबा! मावशीबाई, बसा! ओ वरमाय, तुमी पन बसा, गाडी सुटत नाय! हे साईनाथ, साईनाथ काय लावलंय? साईनाथच्या खिशात एवढे पैशे असते तर त्यानं गाडीला टायर नसते घातले? हे आहेर त्याच्या गाडीतल्या मानसांचे! त्यांच्याकडं मोबाईल नाय, म्हनून त्यांच्या नोटा यानं घेतल्या आनि याच्या मोबाईलवरनं मारल्या. मी डोळ्यांनी बघितलंय, आनि बघून गप बसलो, ही माझी चूक. आता ऐका एकेकाची नावं!"

त्यानं छाती भरून घेतली.

"धसईचे नवसूबाबा यांजकडून, नवरीला, रुपये..."

आणि तो थांबला. बेंजोवाले काड्या वर धरून थांबले. तेवढ्यात त्याची नजर चिमीआत्यावर गेली. म्हातारी पुढ्यातल्या पत्रावळीकडं एकटक बघत होती. तीस वर्षांची सवय, जिभेच्या टोकावर आलेली रक्कम, आणि ती गिळायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण जागा रिकामी कशी सोडायची? मांडव थांबलाय!

"...रुपये किती ते मोबाईलला माहीत!" तो गरजला. "मला एवढंच माहीत, की रविना तीन वर्षांची असताना ओढ्यात पडली, तवा याच नवसूबाबांनी तिला तंगडीला धरून बाहेर काढली! नायतर आज इथं जेवनच नव्हतं!"

मांडवानं टाळ्या पिटल्या. नवसूबाबांचा हात मिशीवर गेला.

मग कमळू सुटला. रकमेच्या जागी तो माणूस घालायला लागला. कुणी नवरीच्या आईचं बाळंतपण केलेलं, कुणी बापाला उसना बैल दिलेला, कुणी तो बैल परत घेताना भांडलेला. ते भांडणही त्यानं पुकारलं आणि दोघांना तिथंच हात मिळवायला लावले. दिपाली मोबाईल बघून त्याच्या कानात नाव सांगायची, तो त्याचा माणूस करून परत द्यायचा. पंढरीचं नाव पुन्हा आलं तेव्हा तो म्हणाला, "हा आहेर चिमीआत्याचा! हिच्या हातची नाचणीची भाकर ज्यानं खाल्ली नाय त्यानं हात वर करा!" एकही हात वर झाला नाही. म्हातारी हसत हसत पत्रावळीवरचा भात कालवायला लागली.

नवऱ्याकडच्या माणसांना कमळू ओळखत नव्हता. तर वरमाय स्वतः त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि आपल्या माणसांच्या खोड्या कानात सांगायला लागली. साईनाथला मात्र तिनं सोडलं नाही. "एवढा चांगला हायस तर लगीन का नाय करत रे? आमच्याकडं एक पोरगी हाय," म्हणाली. साईनाथची चौथी जिलेबी हातातच राहिली.

आहेर संपता संपेना. ऊन कलायला लागलं, वऱ्हाडाच्या गाड्यांचे हॉर्न वाजले, कुणी हलेना.

सगळ्यात शेवटी कमळूनं माईक खाली ठेवला आणि गंजीफ्रॉकच्या खिशातून घामानं ओला झालेला कागद काढला. आत नोटा होत्या. "माझ्याकडं कुठला मोबाईल? ही तुझ्या मामाची रोख घे गपचूप."

रविनानं नोटा घेतल्या. मोजल्या. डोळे मोठे झाले. तीस वर्षांत शेकडो लोकांची नावं या माणसानं पुकारली. त्याचं नाव कुणी पुकारायचं? तिनं माईक उचलला.

"मुरबाडचे कमळूमामा यांजकडून, नवरीला..."

"पोटातनं बोल गो!" कमळू ओरडला. "मच्छर गुनगुनल्यासारखी बोलतेस!"

"कमळूमामा यांजकडून!" ती जोरात ओरडली. "नवरीला, रुपये..."

मांडव थांबला. कमळू मान ताठ करून, डोळे मिटून थांबला. त्या रकमेसाठी त्यानं दोन उन्हाळे जीपा भरल्या होत्या.

"...किती ते नाय सांगायचं!"

"आँ?" कमळूचे डोळे उघडले. "अगो, माझं सांग की! माझं मोठं हाय!"

"नियम म्हंजे नियम, मामा!"

"एकदाच! हळू सांग पायजे तर!"

पण आता त्याचं कोण ऐकणार? बेंजो सुरू झाला होता. पुढं भगीरथ नाचत होता, मागं वरमाय. कमळू रविनाच्या भोवती फेर धरून नाचता नाचता, भेटेल त्याच्या कानात स्वतःची रक्कम ओरडून सांगत होता. बेंजोच्या दणक्यात ती एकालाही ऐकू आली नाही.