टॉर्चमावशीचा अंगठा

शाळेत डोळे येण्याची साथ शिरली आणि आमच्या टॉर्चमावशीच्या डोक्याचा भुगा झाला.

मावशी शाळेत सेविका. घंटा वाजवणं, पोरांची नाकं पुसणं आणि कुणाच्या घरात काय शिजतंय याची खडान्‌खडा खबर ठेवणं, ही तिची तीन कामं, तिसरं बिनपगारी. सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या हातात टॉर्च दिला. पुढच्या फाटकावर प्रत्येक पोराचा डोळा तपासायचा, लाल दिसला की घरी पाठवायचं. मागच्या फाटकावर हेच काम वॉचमनकडे.

मावशीने ते मनावर घेतलं, त्याला कारण होतं. सून नुकतीच शिवणकारखान्यात लागलेली. पहिला महिना कच्ची नोकरी, एक खाडा झाला की नारळ. मुलगा परगावी. आणि पहिलीतली नात याच शाळेत. तिचे डोळे आले तर घरी बसणार कोण?

म्हणून मावशी एकालाही सोडेना. अंगठ्याने पापणी खाली ओढायची, टॉर्च मारायची, मग दुसरी पापणी. नातीची तर दोनदा. वॉचमन मात्र खुर्चीवरून ढिम्म हलत नव्हता. पोरांना नुसतं "वर बघ" म्हणायचा आणि जांभई द्यायचा.

बुधवारी बाईंनी यादी काढली. अकरा पोरं आजारी, अकराच्या अकरा पुढच्या फाटकाची. आळशाच्या फाटकातलं एकही नाही.

"साथीला माझा धाक आहे मावशी," वॉचमन मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला.

मावशी चक्रावली. तिने आधी पुढच्या नळावर संशय घेतला, मग धुळीवर, मग वॉचमनच्या नशिबावर. गुरुवारी तिने तपासणी आणखी कडक केली, पापण्या जरा जास्तच ओढल्या. आकडा अठरावर गेला. हे म्हणजे जितकं झाडावं तितका केर वाढावा, तसलं काहीतरी. हात? हात तर ती रोज कामावर येताना साबणाने धूत होती.

संध्याकाळी ती पाय पसरून बसली होती. समोर नातीने बाहुल्या भिंतीला रांगेत लावलेल्या. चित्र रंगवून तिचे हात लाल रंगाने बरबटलेले, पण तेवढ्यात तिला टॉर्चमावशी व्हायची हुक्की आली. पहिल्या बाहुलीची पापणी अंगठ्याने ओढली. "वर बघ गं. लाल आहे. घरी जा." मग दुसरी. मग तिसरी. अगदी आजीसारखी मान वाकडी करून.

सात बाहुल्या झाल्या. सातही बाहुल्यांच्या डोळ्याखाली तोच लाल ठिपका.

मावशी बघतच राहिली. मग तिने स्वतःचा अंगठा समोर धरला, जणू तो शेजाऱ्यांचा होता.

सकाळी नातीचा एक डोळा चिकटून बसला. सून दारात चप्पल घालून उभी, ना आत ना बाहेर. मावशी म्हणाली, "तू जा. मी बघते." काय बघणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शेजारणीला नातीजवळ बसवून ती थेट मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभी राहिली आणि अंगठा पुढे करून सगळं सांगून टाकलं. आता आपलीच नोकरी जाते, म्हणजे घरी बसायचा प्रश्न तरी मिटेल, असाही एक विचार मनात येऊन गेला. बाईंनी यादी पालथी घातली.

"पाच दिवस शाळेत पाऊल टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "पगारी रजा. आणि आजपासून कुणीही पोरांच्या डोळ्यांना हात लावायचा नाही. वॉचमन करतो तसंच."

वॉचमनसारखं! मावशी घरी येईपर्यंत ठरवत होती की ही शिक्षा झाली की बक्षीस. ठरलं नाही. तीनदा हात धुतले, नातीच्या डोळ्यात थेंब घातले, पुन्हा तीनदा धुतले.

संध्याकाळी सून आली. खाडा पडला नव्हता, पण चेहऱ्यावर दिवसभराची धाकधूक.

"आई, तुम्हाला रजा कशी काय मिळाली?"

"साथ पसरवल्याबद्दल," मावशी म्हणाली आणि पुन्हा हात धुवायला उठली.