उकंडा नावाचा बुटका

आर्णीत मोबाईल दुरुस्त करणारे गल्लोगल्ली आहेत, पण नावं सुचावीत ती संघदीपलाच. रविवारी दुकान बंद असलं की त्याच्या घरी समोरच्या खोलीत तो, ओम आणि अंजू फासे घेऊन बसत. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि फासा पडेल तसं लढायचं, नाहीतर पळायचं. गोष्ट सांगणारा संघदीप.

त्या खेळात हाफलिंग नावाची मंडळी असते. माणसाच्या निम्म्या उंचीची, खादाड, जरा भित्री. हे तिघं त्यांना बुटके म्हणत. बुटक्यांची इंग्रजी नावं यांच्या जिभेवर काही बसेनात, मग संघदीपनं आपली काढली. योद्धा असला तर वज्रसेन, जादूगार असला तर अग्निकेतू. आणि बुटक्यांना? धोंड्या, कचऱ्या, उकंड्या. नाव उच्चारलं की हशा ठरलेला. त्यातला उकंड्या सगळ्यांचा लाडका, कारण तो चोरी करायला जाई आणि दर वेळी तोंडावर आपटे.

आता या शहाण्याला काय म्हणावं? उकंडा हे त्याच्या सख्ख्या आज्याचं नाव. आजा त्याच घरात, पलीकडच्या खोलीत झोपणारा. आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून हे जन्मल्याबरोबर मायनं उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून घेतलं. मरणालाही वाटावं, हा तर केर, याला कशाला न्यायचं! पुढे घरानं धम्म स्वीकारला, लेकरांना नवी नावं आली. संघदीप हे नाव तर या आज्यानं, आबांनीच ठेवलेलं. स्वतःचं तेवढं त्यांनी बदललं नाही. मायनं ठेवलं, राहू दे, म्हणाले. संघदीपला हे सगळं लहानपणापासून पाठ होतं. पण मित्र आज्याला नुसतं आबा म्हणत, त्यांना नाव कुठे ठाऊक? हसू मिळत होतं, तोवर यालाही काही टोचलं नाही.

त्या रविवारी बुटके किल्ल्यात शिरले होते. ओम रंगात येऊन ओरडला, "अबे ए उकंड्या! इकडं ये, उचल ते पोतं!"

आतून आबा लगबगीनं आले. डोळ्यांवर झोप, टोपी हातात. उंबरा न ओलांडता वाकून उभे राहिले.

"आलो जी," म्हणाले.

ते 'जी' त्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. लहानपणी आबा मालकाच्या गोठ्यात कामाला होते. मालकाची चिल्लीपिल्ली अशीच हाक मारत आणि हे असंच उत्तर देत. ते दिवस गेले, असं संघदीपला त्यांनीच छाती काढून सांगितलं होतं.

अंजू हसली. ओमही हसला, मग वरमला. "तुमाले नाही म्हटलं आबा, खेळातला हाये तो. संघ्या, आबाचं नाव काय हाये बे?"

"उत्तम," संघदीप म्हणाला. जरासुद्धा अडखळला नाही.

आबांनी नातवाकडे पाहिलं, मग ओमकडे.

"व्हय. उत्तमच," म्हणाले, टोपी घातली आणि आत गेले.

संघदीपनं खेळ कसाबसा आटोपला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे घरातले बुद्धाच्या तसबिरीसमोर बसले. पंचशील आबा सांगत, बाकीचे मागून म्हणत. तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे आबा थांबले.

"काहून थांबले?" आजीनं, मथुराबाईंनी विचारलं.

"आज मले हे म्हणता येत नाही," आबा म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, आणि संघदीपकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर याला सोसलं असतं. आयुष्यात नाव बदललं नाही त्या माणसानं आज नातवाची अब्रू राखायला ते टाकलं होतं.

संघदीपनं तिथंच बसून ओमला फोन लावला.

"ओम, माह्या आज्याचं नाव उत्तम नाही."

"मंग?"

"उकंडा."

मालकाची पोरं वाईट, असं संघदीप मित्रांना कितीदा सांगत आला होता. आता ओमला कळलं होतं, की बुटक्याला ते नाव यानं जाणूनच दिलं होतं.

"झालं? बस मंग," आबा म्हणाले आणि त्यांनी पहिल्या शीलापासून पुन्हा सुरुवात केली. चौथं आलं तेव्हा त्यांचा आवाज स्वच्छ निघाला. मागून आजीचा आला. संघदीपनं तोंड उघडलं, पण आबांना आज खोटं बोलायला आपणच लावलं, हे आठवून त्याच्यानं ते म्हणवलं नाही.