कोपऱ्यावरचा सांधा

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. कुणाचं बोट दारात सापडलं, कुणाच्या पोराच्या गुडघ्याला खोक पडली, की आधी त्यांची बेल वाजायची आणि मग डॉक्टरची. बत्तीस वर्षं इस्पितळाच्या अपघात विभागात काढलेली बाई. रक्त बघून पापणी हलायची नाही. नवराही त्यांना सिस्टरच म्हणायचा आणि त्या नवऱ्याला मिस्त्री. लग्नाच्या पहिल्या वर्षी थट्टेत पडलेली नावं अंगाला चिकटली ती चिकटलीच.

मिस्त्री सुतार होते. दारं, जिने, कपाटं यांत चाळीस वर्षं गेली, आणि त्यांची फुशारकी एकच. दोन्ही पंजे पसरून म्हणायचे, "मोजा. दहा आहेत. या धंद्यात चाळीस वर्षांनी दहा भरणारा दुसरा दाखवा." त्या फुशारकीचं मोल सिस्टरना इतरांपेक्षा जास्त कळायचं. वखारीतून धावत आलेली माणसं आणि त्यांच्या रुमालात गुंडाळलेली बोटं, हे त्यांचं रोजचं काम होतं.

मग एका सकाळी दाढी करताना मिस्त्रींच्या हातातून आरसा पडला. डावी बाजू गेली. बोटं दहाच राहिली, पण त्यांतली पाच नुसती मोजण्यापुरती.

वर्षभरात पाय थोडा परत आला, हात आला नाही. कुणाच्या खांद्याला धरून चालायचे. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत सोळा पावलांचा बोळ, आणि मधोमध त्याला काटकोनात वळण. एकदा सिस्टर बाजारात गेल्या असताना मिस्त्री एकटेच निघाले आणि त्या वळणावर कोसळले. तेव्हापासून भांडं आलं. सिस्टर भांडं घेऊन आल्या की ते भिंतीकडे तोंड करायचे.

"हजार पुरुषांची भांडी काढलीत मी," सिस्टर एकदा म्हणाल्या.

"ते पेशंट होते."

"आणि तुम्ही?"



व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. "बोळात दोन्ही भिंतींना पक्का लाकडी दांडा लावा. जाताना उजव्या हाताला एक, येताना एक. पुढच्या तीन-चार महिन्यांत हे एकटे चालले तर चालले. नाहीतर बिछाना धरतील, आणि धरलेला बिछाना सुटत नाही."

दांडा लावायला सुतार आला. त्यानं काटकोन तपासायचा गुण्या न लावता पेन्सिलीची रेघ ओढली. मिस्त्रींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसरा आला. तो म्हणाला, दोन्ही बाजूंचे दांडे कोपऱ्याच्या अलीकडे थांबवू, मध्ये चार बोटांची फट राहिली तर काय बिघडतं.

"तिथंच पडलोय मी," मिस्त्री म्हणाले. जीभ जड झाली होती, पण शब्द नेमके यायचे. "कोपऱ्यावर हात सुटायला नको. जा तू."

सिस्टरच्या नणंदबाई, म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, दर रविवारी यायच्या. त्यांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "स्वतःला उठता येत नाही आणि आल्या माणसाला घालवतोय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, वहिनी."

"पीळ आहे म्हणून तर धरायला काही उरलंय, वन्सं," सिस्टर म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मिस्त्रींच्या पायाला तेल लावता लावता त्यांनी विचारलं, "मी केलं तर चालेल?"

"तुला करवत धरता येते?"

"हाड कापताना धरलेली बघितली आहे."

मिस्त्रींच्या तोंडाची उजवी बाजू हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

त्यांची स्वतःची यंत्रं आजारपणात विकून झाली होती. हातकरवतीनं पंचेचाळीस अंशांचा कोन साधायला हातात वर्षांची सवय लागते, म्हणून ठरलं की मायटर सॉ आणायची. टेबलावर बसवलेली गोल करवत, हव्या त्या कोनात फिरवायची आणि मुठीला धरून खाली दाबायची. स्वस्तातली चालेल, मिस्त्री म्हणाले, पण स्वस्त वस्तू डोळे उघडे ठेवून घ्यायची असते. काय काय बघायचं ते त्यांनी सांगितलं आणि सिस्टरनी औषधाच्या चिठ्ठीसारखं लिहून घेतलं.

दुकानदारानं तीन मशीनं मांडली. सिस्टरनी पहिल्याचा हात धरून आडवा हलवला. तो खिळखिळ्या दारासारखा डुलला. दुसऱ्याची मूठ धरून खाली आणली, वर सोडली, तर पात्यावरचं झाकण अर्ध्यातच अडकलं. तिसऱ्याचं झाकण दहा वेळा खाली-वर करून पाहिलं. दहाही वेळा आपोआप पातं झाकून बसलं.

"सिस्टर, मशीन विकत घेताय की वॉर्डात भरती करताय?" दुकानदार म्हणाला.

"भरती करायची वेळ येऊ नये म्हणून बघते. याचं पातं चोवीस दात्यांचं आहे. साठ दात्यांचं वेगळं द्या, सांधा सफाईदार यायला हवा. आणि डोळ्यांचा चष्मा, आवाज थोपवायला कानांवर लावायचे ते गोळे."

मशीन मागच्या गॅलरीत बसलं, जाड फळीवर चार बोल्टांनी घट्ट. मशीनला चालेल असा पॉवरचा प्लग घरात एकच होता, बोळाच्या वळणावर; तिथून लांब वायर गॅलरीत ओढली. मिस्त्रींची खुर्ची तिथं ठेवली गेली, आणि त्यांनी नियम घातला: आपण बटणापाशी बसल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. पात्याला हात लावण्याआधी बटण बंद आणि प्लग बाहेर. लाकूड मागच्या पट्टीला टेकवून शिकंज्यानं आवळायचं. पात्यापासून हात वीतभर लांब. पातं पूर्ण वेगात आलं की मगच खाली आणायचं, आणि कापून झाल्यावर ते थांबेपर्यंत वर उचलायचं नाही.

"घाई कुणाला आहे?" ते म्हणायचे. "मला तर कुठं जायचं नाही."

स्वस्त मशीन शेवटी स्वस्तच. काटा पंचेचाळीसवर ठेवला तरी टाकाऊ तुकड्यांच्या सांध्यात नखाएवढी फट राहायची. मिस्त्रींनी काट्यावर विश्वास ठेवू नकोस म्हणून सांगितलं. दोन तुकडे कापायचे, जोडायचे, गुण्या लावायचा, केसभर सरकवायचं, पुन्हा कापायचे. शिवाय बोळाची भिंतही काटकोनात नव्हती. "कुठल्याच घराची नसते," मिस्त्री म्हणाले आणि तिचा कोन पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायला लावला. सिस्टर रोज तासभर कापत. गॅलरीत भुसा साचे, आणि त्याचा वास आत आला की मिस्त्री डोळे मिटून बसत. त्या दिवसांत ते जेवायला कुरकुर करत नसत.

आठव्या दिवशी सांधा बसला. नख घालून पाहिलं, नख शिरेना.

"आता खरं लाकूड," मिस्त्री म्हणाले.

सरळ दांडे दुसऱ्या दिवशी कापून झाले. खरं लाकूड कडक होतं. त्याचं एक कुसळ सिस्टरच्या तळव्यात खोल गेलं. चिमट्यानं काढलं, औषध लावलं, पट्टी मारली. राहिले होते कोपऱ्याचे चार छोटे तुकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींना गाढ झोप लागली. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांचा. सिस्टर दोनदा डोकावून आल्या. उठवायचा धीर होईना. चारच तर कापायचे, आणि काय करायचं ते आता पाठ होतं. उठतील तेव्हा सांधा जोडून हातात ठेवू, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी वळणावरचं बटण स्वतःच दाबलं, चष्मा घातला, कानांवर गोळे लावले, आणि पट्टी मारलेल्या तळव्याकडे बघून कपाटातले सुती हातमोजे चढवले.

हातमोज्यांबद्दल मिस्त्री काही बोलले नव्हते. कुठलाच सुतार पात्यापुढे हातमोजे घालत नाही, तेव्हा ते सांगायचं असतं हे त्यांना सुचलं नाही. आणि धोक्याच्या कामाला उघडा हात लावायचा नाही हे सिस्टरच्या अंगात बत्तीस वर्षं मुरलेलं, तेव्हा ते विचारायचं असतं हे त्यांना सुचलं नाही. दुसरी सवयही इस्पितळातलीच. ड्रेसिंग करण्याआधी चिकटपट्टीचे तुकडे मापानं कापून ठेवावेत तसे त्यांनी लाकडाचे चारही तुकडे आधी मापाला कापून ठेवले होते. आता कोन कापायला घेतला, तर वीतभर लांबीच्या तुकड्यावर शिकंजा बसेना. त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला.

मशीन सुरू झालं. एक कोन कापून झाला. चांगला झाला.

मिस्त्रींना जाग आली ती त्या आवाजानं. त्यांच्या उशाची खिडकी गॅलरीत उघडायची. आवाजावरून त्यांना कळलं की पातं नीट चाललंय, आणि क्षणभर त्यांना बरंही वाटलं असेल. मग त्यांनी मान वळवली आणि पात्याजवळचा पांढरा पंजा पाहिला.

त्यांनी हाक मारली. सिस्टरच्या कानांवर गोळे होते, ते लावायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी पुन्हा हाक मारली, खिडकीच्या गजावर हात आपटला. सिस्टर वाकून दुसरा तुकडा मागच्या पट्टीला टेकवत होत्या.

बिछान्यापासून बटणापर्यंत सात पावलं.

सिस्टरनी मुठीतल्या खटक्यावर बोट दाबलं, पातं वेगात येऊ दिलं, मूठ खाली आणली, आणि लाकडात अर्ध्यावर असताना मशीनचा जीव गेला. पातं गुरगुरत गुरगुरत थांबलं. त्यांनी गोळे काढले.

"लाईट गेली का हो?"

त्या आत गेल्या. मिस्त्री वळणावर, बटणाच्या खाली पडलेले होते. उजवा हात अंगाखाली दुमडला होता, आणि मनगट ज्या कोनात होतं तो सिस्टरना बघताक्षणी कळला.

"हलू नका. कुठं दुखतंय? डोकं आपटलं का?"

"आधी ते काढ," मिस्त्री म्हणाले.

"काय काढू?"

"हातमोजे. काढ ते." त्यांना दम लागला होता. "उघड्या बोटाला पातं लागलं तर तेवढंच जातं. कापडाचा दोरा अडकला तर मागोमाग हात जातो. अख्खा."

सिस्टर गुडघ्यांवर बसल्या तशाच राहिल्या. वखारीतले काही हात त्यांना आठवले, बोटं तुटलेले नव्हे, मनगटापर्यंत गेलेले. त्या जखमांतून चिमट्यानं एकेक करून कापडाच्या चिंध्या त्यांनीच वेचल्या होत्या. तेव्हा मनात यायचं, बिचाऱ्यानं काळजी तर घेतली होती. बत्तीस वर्षांत एकालाही त्यांनी विचारलं नव्हतं की हे झालं कसं.

त्यांनी हातमोजे काढले. डाव्याच्या तर्जनीच्या टोकाला एक दोरा उसवून वीतभर बाहेर आला होता. तो त्यांनी मिस्त्रींना दाखवला नाही.

मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. म्हणजे चालत होता तोही हात गेला, आणि आता भांड्याबरोबर घासही सिस्टरच्या हातून आला. रविवारी नणंदबाई आल्या, प्लास्टर पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "ते मशीन विकून टाक, वहिनी. एकाचं मनगट घेतलं त्यानं. तुझ्या हाताचं काही झालं तर दोघांना भरवणार कोण?"

"चूक मशीनची नाही, वन्सं. माझी आहे."

"माझी," मिस्त्री आतून म्हणाले. "सांगायचं राहिलं."

"बरं. दोघांची," नणंदबाई म्हणाल्या. "चुकाही वाटून घ्या आता."

सिस्टर आठवडाभर गॅलरीकडे फिरकल्या नाहीत. मशीनवर जुनी चादर पडली होती. भुसाही कुणी झाडला नाही. मिस्त्री रोज भरवताना तोंड थोडं आधी मिटू लागले. दोन पोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी. व्यायामाच्या बाई येऊन पाय हलवून बघून गेल्या आणि दाराबाहेर हळूच म्हणाल्या, "पाय आखडायला लागलाय, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी मिस्त्रींना खुर्चीत घालून वळणावर आणलं, बटणापाशी. मशीनवरची चादर काढली. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि दोन्ही हात त्यांच्यापुढे उघडे धरले.

"सांगा. आता जे सांगायचं असतं हे तुम्हाला सुचतही नाही, ते सगळं सांगा."

मिस्त्रींनी एकेक हात नीट पाहून घेतला. "छोटा तुकडा हातात धरायचा नाही. आधी कोन, मग लांबी. लांब दांड्यावर शिकंजा बसतो. कोन काप, सांधा जुळव, मग पलीकडून तोड."

"आणखी?"

"वाया गेलेला तुकडा पात्याजवळ पडला तर पातं थांबेपर्यंत उचलायचा नाही. मशीनपुढून हात तिरका नेऊन पलीकडचं लाकूड धरायचं नाही. गळ्यात काही लोंबतं नको. मन थाऱ्यावर नसेल तर त्या दिवशी कापायचं नाही."

"आज आहे," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रींनी कोपराच्या टोकानं बटण दाबलं.

नवीन लाकूड आणावं लागलं. चार तुकड्यांना तीन दिवस लागले. दांडे भिंतीवर बसवताना प्रत्येक भोकाला मिस्त्री "खोल, अजून खोल" म्हणत राहिले, आणि शेवटी सिस्टरनी दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं तेव्हाच गप्प झाले.

प्लास्टर उतरायला अजून तीन आठवडे होते. मिस्त्रींनी थांबायला नकार दिला. मूठ आवळत नव्हती, तेव्हा त्यांनी प्लास्टरचा अख्खा हात दांड्यावर आडवा टाकला आणि त्यावर भार देऊन उभे राहिले. सिस्टर मागे चालू लागल्या. "लांब," ते म्हणाले. त्या दोन पावलं मागे सरल्या.

प्लास्टर लाकडावर घासत पुढे जात होतं. सहावं पाऊल, सातवं. कोपरा आला. मिस्त्री थांबले. सिस्टरनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट गुंफले. प्लास्टर सांध्यावरून सरकलं, कुठं अडकलं नाही, अंगही त्याच्याबरोबर वळलं.

पुढची नऊ पावलं गेली. न्हाणीघराचं दार त्यांनी खांद्यानं ढकललं आणि आत जाऊन पायानं लोटून घेतलं. कडी लावायची नाही असं आधीच ठरलं होतं.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "बाहेर उभी आहेस का?"

"नाही."

"मग बोलतंय कोण? जा तू."

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या. खुर्ची ओढून बसल्या, आणि येतानाच्या पावलांची वाट बघू लागल्या.