टॉर्चवाल्या फोनातली गिरणी

मी लातूरला शिकवणीला निघाले तेव्हा मामानं दोन वस्तू विकत आणल्या. मला पत्र्याची ट्रंक आणि मायला टॉर्चवाला मोबाईल. ट्रंकेची मला सवय झाली. मोबाईलची मायला काही होईना.

माय किल्लारीजवळच्या आमच्या गावात एकटीच राहायची, भूकंपानंतर बांधून मिळालेल्या दोन खोल्यांत. घरात रेंज यायची ती फक्त भांड्यांच्या मांडणीपाशी, म्हणून फोन तिथंच ठेवलेला. मी लातूरहून कॉइन बॉक्सवरून पहिला फोन लावला, तेव्हा मोबाईल थरथरला, मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या आणि माय तडक अंगणात पळाली. भूकंपाच्या पहाटेही आधी भांडीच वाजली होती. त्या पहाटे माझे वडील गेले. मी तीन वर्षांची होते, मायच्या कुशीत होते, म्हणून वाचले.

मामानं फोनची थरथर बंद करून दिली. तरी घंटी वाजली की माय बाहेर, घंटी थांबली की आत. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी तिच्यावर वैतागले. ती शांतपणे म्हणाली, "मला कळतंय गं, फोन हाय त्यो. पायाला कळंना."

मग असं ठरलं की रोज संध्याकाळी जेवण झालं की मायनंच मला एक मिसकॉल द्यायचा. खोलीत माझ्याबरोबर अर्धापूरची एक मुलगी राहायची, तिच्याकडे अगदी तसाच टॉर्चवाला फोन होता, त्यावर. मिसकॉल आला म्हणजे माय जेवली, बरी आहे. पण मला तिच्याशी बोलायचं होतं. चाचणीत मार्क कमी पडले की कुणाला सांगणार होते मी?

पाय पळतात ते जुन्या घंटीला, तर घंटीच बदलू, असं माझ्या डोक्यानं घेतलं. पुढच्या खेपेला मायचा फोन घेऊन किल्लारीच्या एका मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदारानं भराभरा आकडे दाबले. "भजन टाकलंय. कंपनीकडूनच हाय, एकदम फुकट."

लातूरला येऊन फोन लावला तर माझ्याच कानात टाळ-मृदंग सुरू झाले. एक क्षण मी खूश झाले. मग डोक्यात प्रकाश पडला की भजन फोन करणाऱ्याला ऐकू येतंय. मांडणीवर तीच घंटी वाजत असणार आणि माय अंगणात उभी असणार. माझ्या कानात भजन संपेस्तोवर चाललं.

आठवडा गेला आणि मिसकॉल यायचे बंद झाले. एक संध्याकाळ, दुसरी, तिसरी. मी फोन लावत राहिले, कुणी उचलेना. शेवटी मामाला कळवलं. तो बिचारा जीपनं गावी पोचला तर माय ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. फुकट होते ते पहिले काही दिवस. नंतर भजनाचे पैसे रोज आपोआप कापले गेले आणि बॅलन्स संपला. बॅलन्स नाही तर मिसकॉलही जात नाही. हे ना दुकानदारानं सांगितलं, ना कंपनीनं. मला इतका संताप आला की तो दुकानदार समोर असता तर मी त्याचं काउंटर उलटं केलं असतं.

मामानं मायच्या फोनवरून कंपनीच्या फुकट नंबरावर तीनदा तक्रार केली, तेव्हा कुठं भजन बंद झालं. पण त्याचाही धीर सुटला होता. त्यानं मला निरोप दिला, "अक्का फोन उचलंना, तू तिकडं. उद्या काही झालं तर कळंल का आपल्याला? आयतवारी गावाकडं ये. किल्लारीच्याच कॉलेजात नाव घालू, घरून जा." तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला. मला लातूर सोडायचं नव्हतं आणि मायला असं सोडून राहायचंही नव्हतं.

हातात पाच दिवस होते. अर्धापूरच्या मुलीनं मला तिच्या फोनमधला कंपोजर दाखवला. एकेक बटण दाबून सूर भरायचे, लांबवायचे, मध्ये थांबा द्यायचा, झाली घंटी. कुठं मेसेज पाठवायचा नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. शिकवणीच्या नोट्स फिरतात तशी सिनेमातल्या गाण्यांची बटणं मुलींच्या वह्यांतून फिरत होती. पण गाणं ऐकून मायचे पाय थांबतील याची काय खात्री?

त्या दिवसांत भारनियमन जोरात होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, तिथल्या चाचांनी अडगळीतलं डिझेल इंजिन बाहेर काढलं होतं. मी टेस्ट देऊन येत होते आणि ते सुरू झालं. पुक... पुक... पुक, पुक, मग पुकपुकपुक. मी रस्त्यातच थांबले. चाचा म्हणाले, "आवाज लांब जावा म्हणून धुराच्या नळीवर पेला बसवलाय बेटा. गिरणी चालू झाली, लोकांना कळायला नको?"

माझ्या वडिलांची गावात गिरणी होती. मला ती आठवत नाही. माय मात्र सांगायची, पुकपुक ऐकू आली की बायका डबे घेऊन निघायच्या, आणि मालकाची बायको असून तीही रांगेत उभी राहायची. हे सांगताना ती दरवेळी हसायची.

चार दिवस मी गिरणीच्या पायरीवर मैत्रिणीचा फोन घेऊन बसले. सगळ्यात खालचा सूर, एक ठोका, लांब थांबा. मग थांबे कमी कमी. भौतिकशास्त्राच्या वहीची दोन पानं बटणांनी भरली. मला भीतीही वाटत होती. गेलेल्या माणसाचा आवाज मी तिच्या मांडणीवर नेऊन ठेवणार होते, तिला न विचारता. पण विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती.

रविवारी माय विहिरीवर गेली तेव्हा मी वही उघडून सगळी बटणं तिच्या फोनात भरली. दुपारी ती चुलीपाशी होती. मी ओट्यावर मामाच्या शेजारी बसून त्याच्या फोनवरून तिचा नंबर लावला.

आत वाजलं. पुक... पुक... पुक. आवाज बारीक होता, खेळण्यातल्या गिरणीसारखा. माय बाहेर आली नाही. मी दारात जाऊन पाहिलं. तिनं डोक्यावर पदर घेतला होता, ज्वारीचा डबा खाली काढून कमरेवर धरला होता, आणि ती दाराकडं वळली होती. मला बघून ती थबकली. मग मांडणीवर उजळलेल्या फोनकडं तिनं पाहिलं.

"गिरणी चालू झाली वाटलं," ती म्हणाली. डबा तिनं सावकाश खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते, माझेही. मी फोन कट केला नाही. गिरणी पुकपुकत राहिली आणि माय तशीच ऐकत राहिली.

मग तिनं पदरानं हात पुसले, फोन उचलला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला. माझ्यापासून दोन हातांवर, घरात, मांडणीपाशी उभी राहून ती म्हणाली, "हं. बोल."

मी मामाचा फोन कानाला लावला. "माय, मी उद्या लातूरला जाऊ?"

"जा," ती फोनमध्येच म्हणाली. "अन् रोज लाव."