साडेएकतीस इंचांचा ओटा

आमच्या फिरव मॅडम वर्गाकडे पाठ करून शिकवायच्या. खिडकीशी उभ्या राहून बाहेर कॉलेज रोडची वर्दळ बघायच्या आणि कान मात्र आमच्या ड्रॉइंग बोर्डांवर. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची असते, नाहीतर टोक एकाच बाजूने झिजतं आणि बारीक सुरू झालेली रेघ शेवटी जाड होते. हा फरक आम्हाला समोर ठेवूनही दिसायचा नाही, आणि या बाईंना पाठमोऱ्या ऐकू यायचा! "तिसऱ्या रांगेत कोण घासतंय? फिरव गं, फिरव." तिसऱ्या रांगेत मीच असायचे. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं होतं आणि मला वाटतं, त्यांना ते ठाऊक होतं.

इंटिरियर डिझाइनच्या पदविकेला आम्हाला हाताने नकाशे काढायला त्या शिकवायच्या. त्याआधी सगळी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून केली होती. म्हणजे साहेबांनी काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचा, तोही एकही डाग न पाडता. लग्न केलं नव्हतं. नाशिकच्याच उपनगर नावाच्या वस्तीत भावाच्या घरी राहायच्या, सिटी बसने यायच्या. उंची बेताची, सुती साडी, आणि मनगटाखाली ठेवायला एक पांढरा रुमाल, कारण घामाने कागद खराब होतो. आमची सेट-स्क्वेअर त्या दर शनिवारी साबणाने धुवायला लावायच्या. मी सायखेड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. मला वाटायचं, इथे काय आपण भांडी घासायला आलोय?

बाकीच्या वर्गांना कॉम्प्युटर होते. आम्ही कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "करा की कॉम्प्युटरवर. कोण नको म्हणतंय? पण तो तुम्ही विचाराल तेवढंच सांगतो. काय विचारायचं ते आधी हाताला कळू द्या."

दुसरा हट्ट नावाचा. शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत आपलं पूर्ण नाव सुवाच्य लिहायचं, मोबाइल नंबरसकट. सही चालायची नाही. "चूक निघाली तर कुणाला गाठायचं ते लोकांना कळायला नको?" असं त्या अगदी सहज म्हणायच्या. आम्ही हसायचो. आमच्या चुका निघणार, हे त्यांनी धरूनच ठेवलंय म्हणायचो.

माझी निघाली, ती दुसऱ्या वर्षाला. सायखेड्याला आमचं नवीन घर बांधून होत आलं होतं आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठ्या कौतुकाने सांगितलं, "किचन आपली पोरगी काढंल." मी अशी काही फुगले होते! पूर्ण शीट काढली, शाईने पक्की केली, कोपऱ्यात नाव घातलं. मिस्त्रीने त्याबरहुकूम ओटा बांधला. चौतीस इंच उंच, वर काळा ग्रॅनाइट. सगळ्या गल्लीने येऊन बघितला.

दिवाळीला घरी गेले तर ओट्यापुढे लाकडी पाट. आई त्यावर चढून भाजी परतत होती. भाकरी तर ती खाली फरशीवर परात घेऊन थापत होती. ओट्यावर थापायला गेलं की तिचे खांदे कानाला लागत. "लय भारी झालाय गं ओटा," ती म्हणाली. "मलाच सवय नाय अजून." माझी आई किती बुटकी आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

परत आल्यावर मी मॅडमना सांगितलं. वाटलं, धीर देतील.

"आईची उंची किती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"आणि भिंतीची?"

"दहा फूट."

"भिंत स्वयंपाक करते का?"

त्यांनी मला उभं केलं, चपला काढायला लावल्या, हात कोपरात दुमडायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. "याच्या खाली पाच इंच. तिथे ओटा. स्वयंपाकघरात बायका अनवाणी असतात, म्हणून चपला काढूनच मोजायचं. आधी माणूस मोज, मग भिंत." मग शांतपणे म्हणाल्या, "तो ओटा खाली येईपर्यंत मी तुझ्या फाइलवर सही करणार नाही."

त्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. मी रडले, चिडले, मैत्रिणींपुढे त्यांचा उद्धार केला. दादा तर फोनवर ओरडलेच, "तुझ्या बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय का? नवाकोरा ओटा तोडायचा?" त्यांना पटवायला मला तीन रविवार लागले. शेवटी मीच आईला उभं करून मापलं. ती लाजून नुसती हसत होती. जन्मात तिचं माप फक्त ब्लाउजसाठी घेतलं गेलं होतं. मिस्त्रीने दगड उचलला, खालच्या भिंती चार इंच उतरवल्या आणि दगड परत बसवला. आईने उभ्याने पहिली भाकरी थापली तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "हां. आता बरं दिसतंय."

मी फोटो दाखवला तर मॅडमनी फोन बाजूला सारला. त्यांना नवीन शीट हवी होती, आईच्या कोपराच्या मापासकट. ती बघून त्यांनी सही केली. "बरोबर," म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी हा शब्द दुसऱ्या कुणासाठी ऐकला नव्हता.

पुढे मी नाशकातच कामं करू लागले. एक दिवस त्यांचा फोन आला. पाथर्डी फाट्याजवळ त्यांनी एक छोटा फ्लॅट घेतला होता, एक खोली आणि स्वयंपाकघर. "किचन तू काढ," म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, तुमच्यापुढे मी काय काढणार?" तर म्हणाल्या, "स्वतःचं कोपर स्वतःला मोजता येत नाही गं. आणि जन्मभर मी आईच्या, मग वहिनीच्या ओट्यावर स्वयंपाक केला. हा माझा आहे. नीट काढ."

हॉलमध्ये बुद्धांची छोटी मूर्ती, एक खुर्ची आणि त्यांचा जुना ड्रॉइंग बोर्ड, एवढंच सामान आलं होतं. त्या अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "पाच फूट लिही," म्हणाल्या. टेप चार फूट दहा सांगत होता. त्यांनी वाकून आकडा बघितला. "दोन इंच बोर्डावर वाकून वाकून गेले असतील," म्हणाल्या आणि हसल्या. ओटा साडेएकतीस इंचांचा आला. मी तो त्यांच्याच बोर्डावर काढला. त्या पाठमोऱ्या चहा करत होत्या आणि मी प्रत्येक रेघेला जीव मुठीत धरून पेन्सिल फिरवत होते. एकदाही हाक आली नाही.

त्या ओट्यावर त्यांनी तीन वर्षं स्वयंपाक केला. मी गेले की उभ्याने भाकरी थापून वाढायच्या आणि मुद्दाम खांदे सैल सोडून दाखवायच्या. मग गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, झोपेतच. भाच्याने फ्लॅट विकला. मी तिकडे फिरकले नाही. त्या रस्त्याने जाणंच टाळत होते.

मागच्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमचं नाव आणि नंबर आमच्या किचनच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या नकाशावर मिळाला. हा ओटा तुम्हीच काढलाय ना? अहो, इतका बुटका कुणी करतं का? माझी पाठ मोडली." मला फोन ठेवून द्यावासा वाटला. तो ओटा कुणाचा होता, त्यासाठी मॅडम किती वर्षं थांबल्या होत्या, हे सगळं त्या बाईला ओरडून सांगावंसं वाटलं. पण चौकटीत नाव माझं होतं. "उद्या येते," म्हटलं.

दार उघडलं तर समोर चांगली पाच फूट आठ इंचांची, तिशीतली, हसतमुख बाई. नाशिकरोडला बँकेत नोकरीला. पोळ्या लाटताना ती कशी कमानीसारखी वाकते, ते तिने करून दाखवलं. ओटा पुसून पुसून चकचकीत होता. कपाटाच्या दारावर माझी शीट होती, चारी कोपरे नीट चिकटवलेली. मला भडभडून आलं. बाई घाबरली. म्हणाली, "अहो, राहू दे हवं तर, मी करीन सवय."

माझी आई हेच म्हणाली होती.

मी डोळे पुसले आणि पर्समधून टेप काढला. "नको. सवय करायची नाही," म्हटलं. "चपला काढा ताई, आणि हात असा दुमडून उभ्या राहा." कोपर त्रेचाळीस इंचांवर आलं. माप लिहायला कागद ओट्यावर ठेवला, तर मलाही खूप वाकावं लागलं. खरंच बुटका होता तो. एकाच बाईच्या मापाचा. मिस्त्रीला मी सोमवारी सकाळी बोलावलं.